चोपन्न पायऱ्या आणि अक्काचे शनिवार

सांगलीहून डोंबिवलीशेजारच्या कोपरला जाणं, याला आमच्याकडे कोणी प्रवास म्हणत नाही. ‘अक्काकडं जाऊन आलो’ एवढंच म्हणतात. मीही इतकी वर्षं तसंच म्हणत होतो. लग्नाला जायचं, बारशाला जायचं, दोन रात्री काढायच्या आणि परत यायचं. या मे महिन्यात मात्र मी सहा दिवस राहिलो, बुधवार सकाळ ते सोमवार संध्याकाळ, आणि कोपर, वागळे इस्टेट व आंबिवली अशा तीन ठिकाणी हिंडलो. सांगलीच्या माणसाला ही नावं ऐकून माहीत असतात, पण तिथं उतरायचं कारण पडत नाही. मला पडलं, म्हणून लिहितो.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गळीत हंगामात मला सुट्टी मिळत नाही, म्हणून अक्का जानेवारीत न्हाणीघरात पडली तेव्हा मी जाऊ शकलो नाही. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, ऑपरेशन झालं, हाड नीट बसलं, हे सगळं मला फोनवर कळलं. एप्रिलअखेर तिची मुलगी मुक्ता म्हणाली, “मामा, हाड जुळलंय. पाय मात्र भरत नाहीये. तू ये.”

कोपर, बुधवार

वाटेतलं सांगण्यासारखं काही नाही. कल्याणला उतरून रिक्षा केली. पिशवीतला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडला होता, त्यामुळे माझे चारही शर्ट लसणाच्या वासाचे झाले आणि ते सहाही दिवस तसेच राहिले.

अक्का तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न. दर मजल्याला अठरा, मध्ये नऊ-नऊचे दोन टप्पे. दवाखान्यातून आणल्यावर चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं, ते साडेतीन महिने झाले. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही.

दार बंद होतं. सांगलीला दिवसा कोणाचं दार बंद नसतं, त्यामुळे कोपरला बेल वाजवताना मला दर वेळी आपण वसुलीला आल्यासारखं वाटतं. मुक्ताने दार उघडलं. अक्का खिडकीपाशी हातांच्या खुर्चीत बसली होती. बासष्ट वर्षांची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. चाळीस वर्षं इकडे राहून तिची बोली पार इकडची झाली आहे, पण मला पाहिलं की ती सांगलीची होते.

“आलास? केवढा वास मारतोय रे लसणाचा.”

“चटणी सांडली.”

“शर्टावर आणलीस व्हय.”

मी वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे पाय दिसले. डावा बारीक झाला होता.

अकरा वाजता नयना आली. ही व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट, वय सव्वीस, सोमवार ते शुक्रवार रोज आंबिवलीहून येते. तिने अक्काला सहा वेळा खुर्चीतून उठवलं. अक्का दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून, ओठ आवळून उठत होती. मग नयनाने टेप काढून मांड्यांचा घेर मोजला. मी पाठमोरा उभा राहून आकडे लिहून घेतले. उजवी अडतीस सेंटीमीटर, डावी, म्हणजे ऑपरेशनची, चौतीस.

“काका, डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितलीये,” नयना म्हणाली. “मावशी हात न टेकता एकदा उठल्या, की जिना उतरायचा. तोवर नाही. मला तेवढं एक पाहिजे.”

“आणि नाही उठली तर?”

“मग ह्या घरातच.” तिने हे अक्काच्या देखत, साधेपणाने सांगितलं. मला ते आवडलं.

तिची एक वही होती. रोज अक्का किती वेळा उठली ते तारीखवार लिहिलेलं. मी ती मागून घेतली. गेल्या पाच आठवड्यांचे शुक्रवार: सात, सात, आठ, सात, सात. आणि सोमवार: तीन, चार, तीन, तीन, चार. दर आठवड्याला अक्का वर चढत होती आणि दर सोमवारी परत तळाशी.

“शनिवार-रविवार मी नसते ना,” नयना म्हणाली.

ते बरोबर होतं. पण प्रयोगशाळेतल्या माणसाला एका कारणावर थांबायची सवय नसते. दुपारी मी मुक्ताला बसवून अक्काच्या जेवणाचं वेळापत्रक काढलं. आठवड्याची डाळ, दूध, अंडी, सगळं ग्रॅमवर आणलं आणि सातांनी भागलं. सरासरी ठीक आली. मी ती मुक्ताला दाखवली.

“मामा, सातांनी का भागलंस?”

“आठवड्याची सरासरी.”

“शरीर सरासरीवर चालत नाही. शनिवारचा आकडा बघ की नुसता.”

शनिवारचा आकडा जवळजवळ शून्य होता. अक्काचा शनिवारचा उपास आहे हे मला लहानपणापासून माहीत, पण तो कसा असतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी रात्री साडेआठला जेवण. शनिवारी दोनदा कोरा चहा. संध्याकाळी दिवा लावून उपास सोडायचा, पण पडल्यापासून तिला त्या वेळी भूकच नसते, म्हणून दोन घास वरणभात. पुढचं खरं जेवण रविवारी साडेअकराला. मी तास मोजले. एकोणचाळीस.

“तू तिला सांगितलंस?” मी विचारलं.

“तीन महिन्यांपूर्वी. म्हणाली, ‘माझा नेम आहे.’ कशाचा, ते नाही सांगत. मी जरा आवाज चढवला. आता शनिवार हा शब्द आम्ही घरात काढत नाही.” मग ती हळूच म्हणाली, “उद्या माझ्या लॅबमध्ये ये. मी कशावर काम करते ते तू कधी बघितलं नाहीस.”

वागळे इस्टेट, गुरुवार

ठाण्याची ही जुनी औद्योगिक वसाहत. रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, पण अर्ध्या तासाने मत बदललं. मुक्ता पुढे गेली होती आणि मी मागाहून रिक्षाने आलो. रिक्षावाल्याने मला सोळा नंबर रोडला सोडलं. अठरावर जायचंय, मग दोन रस्ते पुढे, असा हिशेब करून मी चालू लागलो आणि बावीस नंबरला पोचलो. एका वर्कशॉपच्या दारात माणूस चहा पीत होता.

“सोळानंतर सतरा कुठे गेला हो?” मी विचारलं.

“इकडे नंबर लागेल तसा असतो काका. माणसाला विचारायचं, पाटीला नाही.”

त्याने मला पाण्याचा पेला दिला आणि दारापर्यंत सोडलं. लेथ, पॅकिंगचे खोके, कँटीनच्या फोडणीचा वास, आणि या सगळ्यांत एका काचेच्या इमारतीत मुक्ताची लॅब. सांगलीच्या एमआयडीसीत दुपारी सामसूम असते. इथे दुपारीच खरी गर्दी, जो तो डबा हातात घेऊन निघालेला.

मुक्ता एकतीस वर्षांची आहे. ती स्नायूंमधल्या मूळ पेशींवर काम करते, एवढंच मी लोकांना सांगत आलो होतो. आता तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. उंदराच्या स्नायूचा एक धागा, उसाच्या कांड्यासारखा लांबट, आणि त्याच्या कडेला चिकटलेला एक बारीक ठिपका.

“ही. हिला आपण झोपलेली म्हणतो. वर्षानुवर्षं अशी पडून असते. स्नायूला मार बसला की उठते, एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि नवा स्नायू भरतात. त्यांतल्या काही काम संपल्यावर परत झोपायला जातात, पुढच्या वेळेसाठी.”

“आणि झोपेत खातात काय?”

ती हसली. “बरोबर हाच प्रश्न आहे माझा. झोपेत त्या चरबीवर भागवतात, अगदी मंद. उठायचं ठरलं की साखर ओढायला लागतात, भराभर, कारण नवी पेशी बांधायला माल लागतो. पण गंमत अशी, की खाणं हे नुसतं इंधन नाही. जाळल्यावर जे उरतं ना, त्यातलं काही पेशीच्या आतल्या गुणसूत्राला जाऊन चिकटतं, आणि त्यावरून ठरतं आता कुठलं पान उघडायचं. झोपायचं पान का कामाचं पान.”

मला हे समजलं, कारण माझं आयुष्य बॉयलरशेजारी गेलं आहे. लोकांना वाटतं हंगाम संपला की कारखाना बंद. तो बंद नसतो. ऑइलिंग चालतं, पंप तपासतात, थोडी माणसं असतात. आणि हंगामाच्या आधी बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, पूजा होते, चेअरमनचं भाषण होतं. पण बॉयलर पेटवला म्हणून लगेच ऊस घेता येत नाही. वाफेचा दाब चढायला वेळ द्यावा लागतो. बॉयलर जितका थंड, तितका वेळ जास्त. आणि आत आग कशी चालली आहे ते राख बघून कळतं, हे मी मुक्ताला सांगितलं.

“हे मी माझ्या सरांना सांगते,” ती म्हणाली.

“उपास केला तर?”

मला पिंजऱ्यांच्या खोलीत आत जाता येत नव्हतं, म्हणून काचेतून तिने दाखवलं. “उपाशी ठेवलेल्या उंदरात त्या आणखी खोल झोपतात. ते अगदीच वाईट नाही, मामा. चिवट होतात, सहजी मरत नाहीत. पण उठायला वेळ लावतात. खायला दिलं तरी काही दिवस सुस्ती जात नाही, आणि तेवढा स्नायू उशिरा भरतो.”

“मग हेच तर अक्काचं.”

“नाही म्हणता येत.” तिचा आवाज कोरडा झाला. “उंदराचा एक दिवस आणि माणसाचा एक दिवस सारखा नसतो. शिवाय तू बघितलेली सोमवारची घसरण त्या पेशींची नाही, त्या इतक्या पटकन हिशेब देत नाहीत. ती नुसती रिकाम्या पोटाची असेल, किंवा दोन दिवस व्यायाम नाही त्याची. दोन्ही कारणं त्याच दोन दिवसांत मिसळलीत. मी आईला ‘शास्त्राने सिद्ध झालंय’ म्हणून सांगितलं, तर ते खोटं होईल. एवढंच सांगता येतं की या वयात, ऑपरेशननंतर, एकोणचाळीस तास उपाशी राहणं पायाच्या फायद्याचं नाही.”

तिने कपाटातून हातमोजे काढले. उपास संपलेल्या उंदरांना खाणं घालायची वेळ झाली होती. ते काम दुसरं कोणीही करू शकतं, पण ती स्वतः करते, असं तिच्या शेजारच्या मुलीने मला सांगितलं. काचेतून मी पाहिलं. मुक्ता पिंजऱ्यापाशी वाकून काहीतरी बोलत होती. अक्का मला भरवताना अशीच वाकायची, आणि तिचंही काय बोलणं चालायचं ते ऐकू यायचं नाही.

आंबिवली, शुक्रवार

नयनाने बुधवारीच सांगितलं होतं की अक्काच्या खुर्चीची बैठक बुटकी आहे. मी मोजली, एक्केचाळीस सेंटीमीटर. “उंच खुर्ची पाहिजे,” ती म्हणाली, “आणि हात नसलेली. हात असले की माणूस टेकतोच. उंचीवरून सुरू करायचं, मग कमी करायची. आमच्याकडे एक आहे. या घ्यायला.”

आंबिवली कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर. दुपारच्या गाडीत बसायला जागा मिळाली. स्टेशनपासून नयनाचं घर पंधरा मिनिटं. पुढे नव्या इमारती, मागे जुनं गाव, आणि मधल्या अंगणात वाळत घातलेले वालाचे दाणे. आमच्याकडे अंगणात हळद किंवा ज्वारी असते. ऊन तेच.

नयनाची आई तांदळाची भाकरी थापत होती. हातावर, पाण्याने, चांगली पातळ. आमची ज्वारीची भाकरी परातीत थापतात, हे मी सांगितलं तेव्हा तिने मला बाजूला सरकून जागा दिली. “करून दाव.” मी केली. तांदळाचं पीठ ज्वारीसारखं ऐकत नाही. माझी भाकरी तिसऱ्या थापेला फाटली.

“भावजी, ती खावाची हाय, नकाशा नाय काढाचा,” ती म्हणाली, आणि सगळे हसले. फाटलेलीच मी वालाच्या बिरड्याबरोबर खाल्ली. दोन खाल्ल्या.

खुर्ची पडवीत होती. सागाची, जड, हात नसलेली. बैठक अठ्ठेचाळीस सेंटीमीटर. नयनाच्या वडिलांनी ती त्यांच्या आईसाठी केली होती, कारण तिला खाली बसून उठता येईना. ती मागच्या वर्षी गेली.

“वापरात नाही का?” मी विचारलं.

“कोन बसाचं नाय तिच्यावर,” नयनाची आई म्हणाली. “तुमची बहीन बसंल तं बरं.”

मी खुर्ची रिक्षाने थेट कोपरला आणली. रिक्षावाला खुर्ची पाहून नको म्हणत होता, मग कोणासाठी ते कळल्यावर त्याने दोरी काढली. चोपन्न पायऱ्या मी ती खांद्यावर घेऊन चढलो, दोनदा थांबून. अक्का दार उघडायला आली नाही, येऊ शकत नव्हती, पण आतून तिचा आवाज आला, “हळू रे. पाय जपून टाक.”

त्या क्षणी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

कोपर, शनिवार

सकाळी मी दोन कप चहा केला. माझा दुधाचा, तिचा कोरा. वही पुढ्यात ठेवली. मुक्ता स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज करत नव्हती, म्हणजे ऐकत होती.

“अक्का, हे सोमवार बघ. हे शुक्रवार बघ.”

“बघितले. नयनीनं दाखवलेत.”

“तुझा शनिवार मध्ये येतोय.”

“माझ्या शनिवारच्या वाटेला जायचं न्हाई.” चहाचा कप तिने खाली ठेवला. “तू आलास, खुर्ची आणलीस, लई केलंस. आता गप बस.”

“कशासाठी आहे तेवढं तरी सांग. मुक्ताला नाही सांगत, मला सांग.”

“तुला तर मुळीच न्हाई.”

“का?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली कोणी भाजीवाला निवडलेल्या, चिरलेल्या भाजीच्या पिशव्या लावत होता. इकडे भाजी चिरलेली विकत मिळते, याचं मला अजून नवल वाटतं.

“तुझे पाय बघ,” ती शेवटी म्हणाली.

“काय झालंय पायांना?”

“काही झालं न्हाई. तेच सांगतेय.”

मग तिने सांगितलं, तुकड्या-तुकड्याने. मी आठ वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पण मी उठेना. पायांच्या काड्या झाल्या होत्या. आईला वाटलं हा आता असाच राहणार. अक्का अठरा वर्षांची. ती मला अंगणात उन्हात बसवायची, तिळाचं तेल लावायची आणि काखेत हात घालून उभं करायची. मी तिच्या हातांतून खाली घसरायचो. एका शनिवारी ती गावच्या मारुतीला गेली आणि बोलून आली, हा चालू दे. हा चालतोय तोवर माझे शनिवार.

मला त्यातलं फक्त ऊन आठवतं, आणि तेलाचा वास. बाकी काही नाही. मी पुढे शाळेत पळण्याच्या शर्यतीतही भाग घेतला होता.

“तोवर म्हणजे किती?” मी विचारलं.

“तू चालतोयस तोवर. त्याला शेवट कुठाय?”

चव्वेचाळीस वर्षं. मी मनात बावन्नने गुणलं, दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. मग लक्षात आलं की वर्षात बावन्न आठवड्यांवर एक-दोन दिवस उरतात, म्हणजे आणखी सात-आठ शनिवार. इतके दिवस ही बाई माझ्या पायांसाठी उपाशी राहिली, लग्न होऊन इकडे आली तरी, मुक्ताच्या वेळी दिवस गेले तरी, आणि मला ते कोणी सांगितलं नाही. आणि आता तिच्या पायांनी त्याचा त्रास काढायचा, हे मला सहन होईना. मी उठून गॅलरीत गेलो.

मुक्ता माझ्या मागे आली. तिचे डोळे लाल होते. “मी तिला हट्टी म्हणाले होते, मामा.”

“हट्टी आहेच,” मी म्हणालो.

कोपर, रविवार

साडेअकराला अक्का जेवायला बसली. मी थांबलो होतो. तिचा पहिला घास झाल्यावर मी म्हणालो, “अक्का, नेम माझ्या पायांसाठी आहे ना? मग तो माझ्या पायांनी करू दे.”

“म्हणजे?”

“दर शनिवारी मी सांगलीच्या घरापासून आपल्या गावच्या मारुतीला चालत जाईन. सात किलोमीटर. तू जेवायचं.”

“नेम असा हातोहात देतात व्हय? भाजीची पिशवी हाय का ती?”

“तू काय मागितलं होतंस? हा चालू दे. मी चालून दाखवतो त्याला. दर आठवड्याला.”

ती जेवत राहिली. मुक्ताने तिच्या पानात उकडलेलं अंडं ठेवलं. अक्काने तिच्याकडे पाहिलं. “तुझा उंदीर काय म्हणतोय?”

“म्हणतो, मला वेळेवर खायला घाल.”

“आणि खाल्लं की पळतो?”

“सगळे नाही पळत, आई. मी खोटं नाही सांगणार. पण उपाशी ठेवलेला उशिरा पळतो.”

अक्का हसली. साडेतीन महिन्यांनी हसली, असं मुक्ता नंतर म्हणाली. मी तेवढं पडताळून पाहू शकत नाही.

“आणि ह्याच्या पायाला काही झालं तर?” अक्का आता माझ्याशी बोलत नव्हती, हातातल्या घासाशी बोलत होती.

“तर परत धर,” मी म्हणालो.

“असली धरसोड त्याला चालत न्हाई.” तिने अंडं मोडलं. “चालत जायचं. एस्टीनं गेलास तर धरणार न्हाई.”

“चालत.”

“आणि पोचलास की फोन करायचा. पोचल्याशिवाय मी घास घेणार न्हाई.”

“सकाळी सातला निघेन.”

“सहाला निघ,” ती म्हणाली. “ऊन लागतं तुला.”

सांगली, त्यानंतर

पहिल्या शनिवारी मी सहाला निघालो. पोचायला एक तास पस्तीस मिनिटं लागली. देऊळ लहानपणच्या आठवणीपेक्षा लहान वाटलं. शेंदूर मात्र जाड झाला होता. मला नवस बोलण्याची किंवा फेडण्याची सवय नाही, त्यामुळे काय बोलायचं ते समजेना. मी नाव सांगितलं, अक्काचं नाव सांगितलं, आणि म्हणालो की तिचे झाले तेवढे पुरेत, इथून पुढे मी येईन. मग बाहेर पारावर बसून फोन लावला.

“पोचलास?”

“पोचलो.”

“चालत?”

“चालत.”

“फोन ठेवू नको.”

मी ठेवला नाही. पलीकडे ताट सरकल्याचा आवाज आला. मग काही बोलणं नाही, फक्त वाटीत चमचा लागल्याचा आवाज, थांबून थांबून. मुक्ताने मुगाची उसळ केली होती, हे मला नंतर कळलं. मी पारावर बसून ऐकत होतो. सकाळचे पावणेआठ, शनिवार, आणि अक्का जेवत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “पाय दुखतायत का रे?”

“नाही.”

“मग जा आता घरी. ऊन चढायच्या आत.”

त्यानंतरचा सोमवारचा आकडा पाच. दुसरा सोमवार सहा. मुक्ता म्हणते यावरून काही सिद्ध होत नाही, कारण शनिवार-रविवारीही आता ती आईला व्यायाम करवते, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. मी मान्य केलं. प्रयोग म्हणून आम्ही तो वाईटच केला आहे. मांडीचा घेर अर्धा सेंटीमीटर वाढला, पण टेपने एवढी चूक होऊ शकते, हेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

चौथ्या सोमवारी सव्वाअकराला, मी प्रयोगशाळेत असताना नयनाचा फोन आला.

“काका, पेन आहे का? लिहा. एक.”

“काय एक?”

“आजीच्या खुर्चीवरून. हात छातीशी बांधून.”

मी ते लिहिलं. नंतर फोनवर अक्का आली. तिला धाप लागली होती.

“बापू, उठले रे.”

“कळलं.”

“आता ह्या पोरी म्हणतायत खाली चल. चोपन्न हायत. मी म्हणलं, मोजणारा माणूस येऊ दे.”

मी साहेबांकडे रजा मागितली. ते म्हणाले शुक्रवारपासूनच घ्या, सलग मिळेल. मी रविवारपासून घेतली. शनिवारी सकाळी मला इथं चालायचं आहे.